शेळीच्या केसांची दोरी

भाऊजी जायच्या आठ दिवस आधी मी त्यांना पेज भरवत होते. चमचा बाजूला सारून ते म्हणाले, “वहिनी, तुम्ही त्या दिवशी गप्प बसला असता तर?”

“मी आणि गप्प? वर गेल्यावर तुमच्या भावालाच विचारा.”

ते हसले... ती शेवटची भेट.

माझे हे धाकटे दीर सोलापुरात फौजदार होते. सन तीसच्या सुमारास होटगीच्या वाटेवर बाजारच्या दिवशी एकट्यानं परतणाऱ्या तीन बायका गळा आवळून मारल्या गेल्या. तिसरीजवळ शेळीच्या केसांची दोरी सापडली. अशी दोरी म्हणजे धनगराचीच, असं सगळ्यांनी धरलं. जवळपास शेळ्या चारणारा दुधनीचा एक धनगर भाऊजींनीच पकडला. तो फाशी गेला. खून थांबले. भाऊजींना बढती मिळाली.

दोनएक वर्षांनी ती दोरी त्यांनी शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी आणली, जेवताना सगळ्यांना दाखवायला. मी तेव्हा अठरा वर्षांची. चारचौघांत अक्कल पाजळल्याशिवाय मला चैन पडत नसे. वाढता वाढता वाकून पाहिलं नि म्हणाले, “अहो भाऊजी, तुटलेली दोरी जोडायला इथं गाठ मारलीय. माझ्या माहेरी शेजारी सगळे धनगर. ते गाठ मारतच नाहीत, नवे केस घालून पीळ देतात. गाठ शेळीच्या मानेला काचते की!”

“कळलं. आमटी वाढ,” सासूबाई म्हणाल्या.

मी ऐटीत आमटी वाढली. भाऊजींच्या पानात भात तसाच राहिलेला मागाहून दिसला. मला वाटलं, मीठ कमी पडलं असेल... एवढी मी हुशार!

साहेबांनी प्रकरण पुन्हा उघडू दिलं नाही. मग भाऊजी सुट्टीच्या दिवशी विणकरांच्या, गाडीवानांच्या दारात जाऊन बसायचे, त्यांना तुटलेली दोरी जोडायला लावायचे. पेन्शनीत गेल्यावरही तेच. लोक हसायचे. तशी गाठ मारणारा त्यांना कधी सापडला नाही. शिवाय वर्षातून एकदा ते दुधनीला त्या धनगराच्या बायकोकडे जात.

“काय बोलता तिच्याशी?” मी एकदा विचारलं.

“काही नाही. ती पाणीसुद्धा विचारत नाही.”

“मग जाता कशाला?”

“पाण्यासाठी नाही जात, वहिनी.”

तेरावा झाल्यावर नातीला घेऊन मी दुधनीला गेले. कुणीतरी सांगायला हवं होतं. म्हातारी शेळ्यांना पाला टाकत होती. मी कोण, का आले, ते तिनं ऐकून घेतलं.

“मेला व्हय,” एवढंच म्हणाली. मग आत जाऊन माझ्यासाठी तांब्याभर पाणी घेऊन आली. चालून माझे पाय भरून आले होते. अंगणातल्या एका दगडावर टेकणार, तोच ती ओरडली, “तितं न्हाय! तितं फौजदार बसतुया. तुमी हितं सावलीत बसा की.”

दगड भर उन्हात होता.