खोटी कावीळ

माझ्या नवऱ्याला कावीळ कधीच झाली नव्हती. तरी आमच्या गावात कुणालाही विचारा, "लय मोठी कावीळ झाली हुती" असंच सांगतील. ती आम्हा नवरा-बायकोच्या डोक्यातून निघालेली कावीळ.

खरं दुखणं वेगळंच. द्राक्षांच्या पेट्या उचलून ह्यांची कंबर गेली, तेव्हा कुणीतरी एक जबरी गोळी दिली. कंबर दुखायची राहिली, गोळी खायची काही राहीना. मेडिकलवाले ओळखीचे, चिठ्ठी कोण मागतंय? पुढं पुढं गोळी चुकली की हे घामानं भिजायचे, थरथरायचे. सांगलीत उपचार घेऊन कसेबसे सुटले, पण घरी आले ते पार खंगून. गाव विचारणारच. दारू पिणारा एकवेळ आमच्याकडं खपतो, गोळ्या खाणारा म्हटलं की माणूस कामातून गेला. म्हणून कावीळ.

आता कावीळ म्हटल्यावर ती पाळावीही लागली. तेल बंद, हळद बंद, तिखट बंद. थोरल्या दिरांनी, म्हणजे दादांनी, लांबच्या गावाहून कसलासा पाला आणला. तो कडूजहर रस ह्यांनी निमूट घेतला. मला हसूही येत होतं आणि रडूही. वर, भावाला एकट्याला अळणी घास गिळवत नाही म्हणून दादा रोज आमच्याकडं पंगतीला. उकडलेला दुधी खाऊन म्हणायचे, "झ्याक झालंय." एवढं खोटं तर मलाही जमलं नसतं.

यंदा बेदाण्याच्या शेडात, द्राक्षं वाळत घालायच्या वरच्या जाळीवरून ह्यांचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. दादांनी आणि मी जीपमध्ये घालून ह्यांना सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात आणलं. कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर हे दात आवळून पडलेले. ह्यांच्याकडं बघवत नव्हतं. आणि त्याहून जास्त भीती मला वाटत होती ती औषधाची. कळ मारायला त्या गोळीच्याच जातीचं काही टोचलं तर?

"आधी काही मोठा आजार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. पोरगेलीच होती.

मी तोंड उघडायच्या आत दादा म्हणाले, "व्हय. कावीळ झाली हुती. लय मोठी."

"मग लिव्हरला जपायला हवं. नेहमीचं औषध नको, जोरदार इंजेक्शनच थोडं देऊ," असं म्हणत ती सिस्टरकडं वळली.

ह्यांनी डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत नको पण होतं आणि द्या पण होतं. समोर थोरले दीर. ज्यांच्यापुढं मी आवाज चढवून कधी बोलले नाही, त्यांच्यासमोर मी अख्ख्या कॅज्युअल्टीला ऐकू जाईल असं ओरडले, "कावीळ नव्हती त्यांना! गोळ्यांची सवय लागली होती. मोठ्या मुश्किलीनं सुटलीय."

आता ही बाई झापणार, असं वाटलं. पण ती स्टूल ओढून ह्यांच्या डोक्याशी बसली. म्हणाली, "सांगितलंत ते फार बरं झालं. दुखत तर ठेवणार नाही तुम्हाला. तेवढा पायच बधिर करू. ऑपरेशनच्या वेळी ते औषध लागलंच, तर बेतानं, आमच्या डोळ्यांसमोर देऊ. घरी मात्र ती गोळी येणार नाही. चालेल?"

ह्यांनी मान हलवली.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत तिनं जांघेत सुई दिली. थोड्या वेळानं ह्यांची आवळलेली मूठ सुटली. "पाय कुठं गेला म्हणायचा?" म्हणाले, आणि मी भर दवाखान्यात पदर तोंडाला लावून रडले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

दादा मात्र तिकडं भिंतीला टेकून उभे. आता भावकीत बोभाटा होणार, मी मनात धरूनच चालले होते. मग ते स्ट्रेचरजवळ आले. भावाच्या कपाळावरचा घाम त्यांनी टोपीनं पुसला.

"लेका, खरं सांगायचं रं," ते म्हणाले. "तवाबी मी तुझ्यासंगं बसलोच असतो की. बिनतेलाचं तरी खावं लागलं नसतं."