सात भाज्यांचं गाणं

निवृत्तीला आठ महिने उरलेत, तरी दरवर्षीसारखा तो फॉर्म यंदाही माझ्याच टेबलावर आलाय. ‘आंतरविद्याशाखीय संशोधन प्रकल्प.’ हे शब्द वाचले, की मी फॉर्म उलटा करून ठेवतो.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. पिंपळनेरच्या पुढे एका पाड्यावर एक म्हातारी अक्का राहायची. पावसाळ्यातल्या रानभाज्या निवडताना ती एक गाणं म्हणायची. त्यात सात भाज्यांची नावं. नाव आलं, की ती भाजी उचलून बाजूला. कुठल्या नावाची भाजी नेमकी कुठली, हे सांगणारी त्या भागात ती एकटीच उरली होती.

वनस्पतिशास्त्राचे सर, चित्रकलेच्या बाई आणि मी, असा तिघांचा त्या गाण्यावर प्रकल्प मंजूर झाला. प्राचार्यांनी चहा पाजला, फोटोही काढला. पण तिघांना एका दिवशी रजा काही मिळेना. कुणाचं प्रॅक्टिकल, कुणाचं सुपरव्हिजन. मग आम्ही शहाणी माणसं वेगवेगळी गेलो.

मी गाणं रेकॉर्ड केलं. चालीत इतका रंगलो, की डोळे मिटून बसलो. कुठल्या नावाला तिनं काय उचललं ते पाहिलंच नाही. सर गेले ते रद्दीत दाबून वाळवलेले नमुने घेऊन. अक्का म्हणाली, “हाऊ त बठ्ठा पालापाचोळा शे,” आणि उठून चुलीकडे गेली. बाईंनी दुपारभर बसून तिचे भाजी निवडणारे हात काढले. हात सुरेख आले, भाज्या म्हणजे नुसत्या हिरव्या रेघा. तीन अहवाल झाले. माझ्यात चाल, सरांच्यात पानं, बाईंच्यात हात. तिन्ही छान बाइंड करून कपाटात गेले.

तिघं मिळून गेलो ते दोन वर्षांनी, श्रावणात. दारातच सुनेनं सांगितलं, काचबिंदूनं अक्काचे दोन्ही डोळे गेले.

तरी बसलो. सरांनी बांधावरची ताजी पानं फुलांसकट आणली, बाईंनी एकेक तिच्या हातात ठेवलं, मी गाण्याची ओळ धरून दिली. तिनं पानं चाचपली, चुरगाळली, वास घेतला, एखादं चावूनही पाहिलं. चार भाज्यांची नावं लागली. उरलेल्या तीन फुलाच्या रंगावरून ओळखायच्या.

“हे फूल फिकट जांभळं आहे, अक्का,” बाई म्हणाल्या.

“कसं फिकट?”

बाईंनी फूल पुन्हा उजेडात धरलं. अक्कानं पान खाली ठेवलं.

“पहिलेज संगे काब नही उनात रे पोरेसहोन? तवय माले दिखे.”

सरांनी पानं गोळा करून पिशवीत भरली. मला लाज वाटली, अजून वाटते. तिला दिसत होतं तेव्हाच तिघं एकत्र का आलो नाही, याचं कारण काय सांगणार होतो, रजा मिळाली नाही म्हणून?