मागच्या खोलीतला रेडिएटर

एडिसनजवळचं आमचं घर जुनं, वाफेवर तापणारं. तळघरात बॉयलर आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली बिडाचा रेडिएटर. बॉयलर बदलायची वेळ आली तेव्हा म्हातारा प्लंबर कागद-पेन्सिल घेऊन खोल्याखोल्यांतून फिरायला लागला. रेडिएटरची उंची बघायची, त्याचे सेक्शन, म्हणजे उभे कप्पे, मोजायचे, त्यावरून पृष्ठभाग काढायचा आणि दर चौरस फुटाला ताशी दोनशे चाळीस बीटीयू उष्णता धरायची. सगळ्यांची बेरीज होईल तेवढा बॉयलर.

मला हसूच आलं. मी मेकॅनिकल इंजिनियर, तीही पुण्याची, म्हणजे मला कोण शिकवणार! भिंतींत नवं इन्सुलेशन, खिडक्यांना डबल काचा. घरातून उष्णता बाहेर जाते किती, याचा हिशेब मी एक्सेलमध्ये केलेला होता. त्यानुसार प्लंबरच्या आकड्याच्या निम्म्या ताकदीचा बॉयलर पुरत होता. तो म्हणाला, "वाफ आधी रेडिएटर भरते, मग घर तापवते. कमी पडली तर शेवटच्या खोलीपर्यंत पोचणार नाही." मी कसली ऐकते? छोटाच बसवून घेतला.

शेवटची खोली बाबांची होती. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते नागपूरहून हिवाळाभर राहायला आले होते.

नोव्हेंबर बरा गेला. हॉलमधला थर्मोस्टॅट अडुसष्ट फॅरनहाइट दाखवायचा आणि मी खूश. डिसेंबरात बाबा दिवसभर स्वयंपाकघरात बसायला लागले. मला वाटलं, एकटं करमत नसेल. मग स्वेटरवर स्वेटर चढला, कानटोपी घरातसुद्धा निघेना.

"बाबा, खोली तापते ना?"

"मस्त तापते गं. तू जा, तुझी मीटिंग असेल."

मी जायची. आज आठवलं की स्वतःचाच संताप येतो. रेडिएटरला हात लावून बघायला असा कितीसा वेळ लागला असता?

जानेवारीत एका दुपारी जेवायला हाक मारली, तर ओ नाही. खोलीत गेले. बाबा खुर्ची रेडिएटरला चिकटवून बसले होते, डोळे अर्धवट मिटलेले. काहीतरी बोलायला गेले, पण जीभ वळेना. हात धरला तर थंडगार. मी रेडिएटरवर हात ठेवला. दहा सेक्शनांपैकी पहिला तेवढा कोमट होता, बाकी नऊ गार. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला.

त्यांच्या शरीराचं तापमान फार उतरलं होतं. हॉस्पिटलात गरम हवेचं पांघरूण घातल्यावर संध्याकाळपर्यंत बोलणं सुधारलं, हृदयाचे ठोके मात्र अजून चुकतच होते. डॉक्टरांनी विचारलं, घरात हीटिंग नीट चालतं ना?

मी तोंड उघडायच्या आत बाबाच त्यांच्या सावकाश इंग्रजीत म्हणाले, "हीटिंग अगदी उत्तम आहे. माझ्या मुलीनं स्वतः हिशेब केलाय. मलाच वयामुळे थंडी जास्त वाजते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, आणि त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.