कारखान्यातली वऱ्हाडी पाटी

“पेंटर भाऊ, काय लिहून राह्यले?”

मी शिडीवर होतो. भिंतीवरचा पिवळा बेस वाळला होता, खडूच्या दोरीनं रेषा पाडून झाल्या होत्या आणि काळ्या ऑइल पेंटनं पहिली ओळ अर्धी उतरली होती. खाली सुनंदाबाई उभ्या होत्या. वडनेर भोलजीकडून बायकांची ऑटो यायची, त्यातल्या त्या एक.

“धोक्याची पाटी हाय,” मी म्हणालो.

“कायचा धोका?”

“इंग्रजीत हाय, बाई. मी अक्षरं काढतो. मतलब साहेबाले मालूम.”

फ्लेक्स आल्यापासून आम्हा पेंटरांचं काम कमी झालं, पण कारखान्यात अजून बोलावतात. तिथल्या धुळीत फ्लेक्स टिकत नाही. हा कारखाना बियाण्यांचा. सोयाबीन चाळायचं, निवडायचं आणि मग त्याला औषध लावायचं. ह्या औषध लावण्याला तिथे ट्रीटमेंट म्हणतात. बी जमिनीत किडू नये, त्याला बुरशी लागू नये म्हणून ती करतात. त्यात गुलाबी रंग मिसळलेला असतो, कोणी चुकून ते बी खाऊ नये म्हणून. मशीनच्या तोंडाशी पोती भरणाऱ्या बायकांचे हात कोपरापर्यंत गुलाबी झालेले असत. त्याच हातांनी त्या डबा उघडत. आमच्याकडे पिकावर फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात. औषधाला कोण भिणार?

जेवणाची सुट्टी संपली. सुनंदाबाई आत गेल्याच नाहीत. ओट्यावर बसून राहिल्या. त्यांच्या शेजारी एक बसली, मग दुसरी, मग सगळ्याच. सुपरवायझर ओरडून गेला. गेटवर ट्रक उभे होते, पेरणी तोंडावर आली होती. शेवटी मॅनेजर जाधव साहेब स्वतः आले.

“काय झालं, सुनंदाबाई? पगाराचं काही?”

“नाही साहेब. त्या पाटीवर काय हाय ते आमाले वाचून दाखवा. मंग जातो कामावर.”

“ती इन्स्पेक्शनसाठी आहे हो. तुमच्यासाठी नाही.”

“धोका इन्स्पेक्टरले हाय का आमाले?”

घरी कमावणाऱ्या त्या एकट्याच, हे मला नंतर कळलं. साहेबांनी एका शब्दानं त्यांचं काम बंद केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्यांची जागा घ्यायला कोणीही मिळालं असतं. त्यांना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्या उठल्या नाहीत.

साहेबांनी माझ्याकडचा पाटीच्या मजकुराचा कागद मागून घेतला आणि मराठी करून वाचू लागले. “सदर रसायनाचे त्वचेमार्फत शोषण होण्याची शक्यता…”

“म्हंजे?”

“म्हणजे… हाताला लागलं की अंगात जातं.”

“मंग तसंच सांगा ना.”

साहेब ओट्याच्या कडेला बसले. एकेक ओळ फोडून सांगू लागले. हात साबणानं धुतल्याशिवाय जेवायचं नाही. तंबाखू मळायची नाही. चक्कर, मळमळ, डोळ्यांपुढे धूसर झालं तर लगेच सांगायचं. एका बाईनं विचारलं, “साहेब, रोज सांजेले डोकं दुखते, ते यानंच का?” साहेब म्हणाले, “असू शकतं. डॉक्टरांना दाखवू.” सुनंदाबाईंनी विचारलं, “डॉक्टरनं पुसलं तं नाव काय सांगू?” साहेबांनी रसायनाचं लांबलचक नाव सांगितलं. बायकांनी ते त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं.

मग शेवटची ओळ आली. ट्रीटमेंट केलेल्या मालाची फाटकी पोती घरी नेऊ नयेत.

सुनंदाबाईंचा चेहरा उतरला. “आमच्या घरची जवारी त्यातच हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “पोरी तेच अंथरून निजतात.”

साहेबांनी कागदाची घडी केली, उघडली, परत केली. मग मला म्हणाले, “पेंटर, ती इंग्रजी ओळ पुसून टाक. ह्या सांगतील तसं लिही.”

टर्पेंटाइननं मी ओळ पुसली. बायका खालून सांगत होत्या, मी वर लिहीत होतो. ‘हे औषध नाही, जहर आहे. हाताले लागलं तं अंगात जाते. हात धुतल्याबिगर जेवू नका. फाटकी पोती घरी नेऊ नका.’ खाली रसायनाचं नाव, मराठी अक्षरात, सगळ्यात मोठं.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा कोट मारायला गेलो, तर ऑटोतून बायका उतरत होत्या आणि प्रत्येकीच्या काखेत घडी केलेली पोती होती. सुनंदाबाईंकडे सगळ्यात जास्त. गेटाच्या आत पोत्यांचा ढीग लागला. “जवारी फेकली,” त्या म्हणाल्या. “पोरी रडल्या. पण फेकली.” साहेब त्या ढिगाकडे बघत उभे राहिले. पाटीचा खर्च त्यांनी हिशेबात धरला होता, हा ढीग धरला नव्हता.

त्या हंगामात हातमोजे आले, साबण आला, जेवायला वेगळी शेड झाली. डॉक्टर येऊन सगळ्यांना तपासून गेले. पुढे पुण्याच्या हेड ऑफिसचे एक साहेब आले. पाटी बघून म्हणाले, “ही कसली गावंढळ भाषा? बदलून घ्या.”

जाधव साहेब म्हणाले, “कामगाराला समजेल अशा भाषेत सांगायचं, असं कायदाच म्हणतो, सर. ह्यांना ही समजते.”

पाटी राहिली. दर उन्हाळ्यात मी तिच्यावर नवा हात मारतो. सुनंदाबाई आता नवीन आलेल्या बायकांना आधी तिथे उभं करतात आणि मगच आत सोडतात. हे काम त्यांना कोणी दिलेलं नाही.

आता धोक्याची पाटी रंगवायची असली की मी गिऱ्हाइकाला आधी विचारतो, ही वाचणार कोण? काहींना राग येतो, ते दुसरा पेंटर बघतात. त्यांच्या पाट्या माझ्यापेक्षा सुबक होत असतील.