चाळीस दिवस अळणी

ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस, म्हणजे लेंट, सुरू झाले की आमच्या मंडळीत जो तो काही ना काही सोडायचा. कुणी मटण, कुणी चहा, कुणी विडी. विडी सोडणारे एक काका दुसऱ्याच आठवड्यात चर्चच्या मागच्या भिंतीआड खोकताना सापडायचे. ही गोष्ट नव्वदच्या आसपासची आहे. त्या वर्षी माझ्या वडिलांनी, आबांनी, मीठ सोडलं.

आबा अमळनेरला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात फिटर होते. पत्र्याच्या शेडमध्ये, कापसाच्या धुळीत, दिवसभर यंत्रांच्या पोटात हात घालून उभं राहायचं काम. चर्चमध्येही त्यांच्याकडे कामं अशीच असत: बाकं दुरुस्त करणं, घंटेची दोरी बदलणं, नाताळात मांडव घालणं. बोलायला त्यांना कुणी कधी उभं केलं नव्हतं. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते आणि वधस्तंभावरच्या ख्रिस्ताच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पंचवीस वर्षं आबा मागच्या बाकावर बसून त्या सात जणांचं ऐकत आले होते. त्या वर्षी पाळकसाहेबांनी पाचवा उद्गार आबांना दिला. पाचवा उद्गार तहानेचा.

आबांनी हे फारच मनावर घेतलं. तहानेवर बोलायचं तर अंगाला काहीतरी झळ लागली पाहिजे, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मटण आमच्याकडे महिन्यातून एकदा शिजायचं, ते सोडण्यात कसला त्याग? म्हणून लेंटच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, त्यांनी गुडघे टेकून चाळीस दिवसांसाठी मीठ सोडलं.

मी तेव्हा धुळ्याला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी एसटीतून उतरून घरी आले, तर आबांची गालफडं आत गेलेली. माय त्यांच्यासमोर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याची भाजी, दोन्ही बिनमिठाची, वाढत होती आणि ते औषध घेतल्यासारखे गिळत होते. त्यांच्या खाकी सदऱ्याच्या पाठीवर दर उन्हाळ्यात घामाचे पांढरे डाग उमटायचे, माय ते घासून घासून थकायची. या वर्षी सदरा नुसताच मळतो, पांढरं काही दिसत नाही, असं ती मला मोरीपाशी हळूच म्हणाली. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते, पाणी मात्र तांब्यामागून तांब्या पितात. "तूच सांगी पाह त्यासले," ती म्हणाली. "मन्हं आयकतस नही त्या."

मी सांगितलं. वॉर्डात नुकतंच शिकलेलं सगळं ज्ञान ओतलं. घामातून पाणी जातं तसं मीठही जातं, नुसतं पाणी पिऊन ती भर निघत नाही. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. आणि आमच्या मेट्रन सांगायच्या ती खूणही सांगितली, की पाणी आधी चाखायचं, ते डोळ्यांतल्या आसवांपेक्षा जास्त खारट लागता कामा नये. आबांना एवढंच ऐकू आलं. "आसू कोन चाखी पाहस?" ते म्हणाले आणि हसले. मी चिडले. प्रभूने आपल्या लोकांना मिठाचीच उपमा दिली आणि तुम्ही नेमकं तेच टाकलंत, असंही सुनावलं. त्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं आणि बाहेर खाटेवर जाऊन पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणूक निघाली. खजुराच्या झावळ्या आमच्याकडे कुठल्या मिळायला, आम्ही शिंदीच्या आणायचो. नऊलाच ऊन भाजत होतं. आबा सगळ्यांच्या पुढे, झावळी उंच धरून गात चालले होते. चर्चच्या फाटकाशी आले आणि झावळीसकट खाली बसले. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं पाणी कमी पडलं. दोघा-तिघांनी त्यांना तांब्याभर पाणी पाजलं. त्यांनी ते सगळं ओकून टाकलं आणि मला माझ्या धाकट्या मावशीच्या नावाने हाक मारली.

तेव्हा मी घाबरले. अंगातलं मीठ कमी पडून मेंदूवर परिणाम झाल्याचं हे लक्षण मी वॉर्डात पाहिलं होतं. आता साधं पाणी पाजू नका, असं मी ओरडले. माझ्यापेक्षा दुप्पट वयाच्या माणसांवर ओरडले याची मला नंतर लाज वाटली, तेव्हा नाही वाटली. आबांना सावलीत घेतलं, अंगावर ओली चादर घातली. डॉक्टरांना आणायला एक जण सायकल घेऊन सुटला. पाळकीणबाईंनी मीठ-साखरेचं पाणी करून आणलं. तोवर आबा थोडे भानावर आले होते. चमचा ओठांशी नेला तर त्यांनी तोंड फिरवलं.

"मी देवले चाळीस दिननं वचन देयेल शे," ते म्हणाले.

माय रडायला लागली. पाळकसाहेब त्यांना समजावू लागले, पण समजावणीने वळणारा तो माणूस नव्हता. मला रडावं की त्यांना हलवावं ते कळेना. चर्चच्या व्हरांड्यात भिंतीवर मंडळीचं कॅलेंडर होतं. काहीतरी हाताला हवं म्हणून असेल, मी ते खिळ्यावरून काढलं आणि राखेच्या बुधवारपासून दिवस मोजायला लागले. ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले, तर भरले सेहेचाळीस. मला वाटलं चुकलं. पुन्हा मोजले, पुन्हा सेहेचाळीसच.

पाळकसाहेबांनी माझ्या हातातलं कॅलेंडर पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नसतो. मधले सहा रविवार वगळायचे, मग चाळीस होतात. हे त्यांना पाठ होतं, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आबांनी तर एकही रविवार सोडला नव्हता. त्यांचे रविवार धरून मी तिसऱ्यांदा मोजलं. चाळिसावा दिवस आजचाच होता.

मी कॅलेंडर आबांच्या छातीवर ठेवलं. मोजा म्हटलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरलं आणि तेलाने कायमचं काळं झालेलं बोट एकेका चौकोनावर टेकवत मोजायला सुरुवात केली. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून. चमचा धरून माझा हात दुखायला लागला, पण मी तो तसाच धरून ठेवला. शेवटी त्यांचं बोट त्या रविवारवर थांबलं.

"चाळीस तं आजच व्हई गयात," ते पुटपुटले.

मग तोंड उघडलं. एक चमचा, थोडं थांबून दुसरा. डॉक्टर आले, त्यांनी सलाईन लावलं, पण माझ्या लेखी आबा त्या पहिल्या चमच्यालाच परत आले होते. संध्याकाळी मायने मुगाची खिचडी केली. पहिल्या घासाला आबांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. देवाचे आभार मानत होते की मिठाचे, मी विचारलं नाही.

तरी गुड फ्रायडे डोक्यावर होताच. त्या दिवशी तीनपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. चर्चच्या व्हरांड्यातले दोन्ही माठ सकाळीच रिकामे करून पालथे घालत, म्हणजे कुणाचं मन चळायला नको. आबांना अशक्तपणा होता. या वर्षी बोलू नका म्हणून मी विनवलं. पंचवीस वर्षं वाट पाहिलेला माणूस ऐकतो कशाला. मग मी माझी सोय केली. घरची दुधाची किटली मीठ-साखरेच्या पाण्याने भरली, लिंबू पिळलं, वर ओलं फडकं गुंडाळलं आणि बाकाखाली पायांमागे लपवून ठेवली. पडले तर तिथल्या तिथे पाजायचं, रीत गेली खड्ड्यात.

त्या दुपारी वर पत्रे तापून तडतडत होते. चौथा उद्गार संपला तेव्हा मंडळी अर्धी पेंगुळली होती. आबा उभे राहिले. कागदावर लिहून आणलेलं शुद्ध मराठी त्यांनी वाचायला घेतलं. दोन-तीन वाक्यं झाली असतील, नसतील. बायकांच्या बाजूला दुसऱ्या बाकावर एक म्हातारी बसायची. दर वर्षी कडक उपास करणारी, एकटी राहणारी. आबा वाचता वाचता तिच्याकडे बघायला लागले. तिचे ओठ पांढरे पडले होते आणि ती एका हाताने पोटरी दाबत होती. आबांनी कागद खाली ठेवला.

"थांबा," ते म्हणाले. "पहिले त्या मावलीले पानी द्या."

कुणी हललं नाही. बाहेर माठ पालथे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी किटली उचलली. झाकणाचा खणखणाट सगळ्या चर्चमध्ये ऐकू गेला, आणि मी चालत जाऊन म्हातारीसमोर झाकणभर पाणी धरलं. तिने आधी पाळकसाहेबांकडे पाहिलं. ते उठून व्हरांड्यात गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने एक माठ सरळ केला. पाठोपाठ दोन जण बादल्या घेऊन हापशाकडे गेले. म्हातारी प्यायली.

आबा व्यासपीठावरून उतरले आणि माझ्या हातातली किटली घेऊन बाकाबाकाशी फिरले. मुलं, म्हातारे, एक पोटुशी बाई. ज्यासाठी चाळीस दिवस अळणी खाल्लं, ते भाषण तिथे कागदावरच राहिलं. त्या दिवसापासून आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला माठ पालथे घालत नाहीत. पाचव्या उद्गारानंतर सगळ्यांना पाणी देतात, आणि त्यात चिमूटभर मीठ असतं.

सगळ्यांचं झाल्यावर आबा माझ्यापाशी आले. किटलीत तळाशी घोटभरच उरलं होतं. डोळ्यांतून ओघळलेलं पाणी त्यांच्या मिशीपर्यंत आलं होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नव्हतं. त्यांनी तो घोट घेतला, ओठ चाटले.

"बरोबर शे पोरी," ते म्हणाले. "इतलंच खारं लागस."