मामांनी पसंत केलेली छोटी गाडी

गाडी पाहायला गेले की आमचे ड्रायव्हरमामा आधी मागच्या सीटवर बसत. शोरूममधला माणूस अदबीने पुढचं दार उघडून उभा असे आणि मामा मागे जाऊन, गुडघे जुळवून, डोळे मिटून पाच मिनिटं बसून राहत. एका बियाणे कंपनीची जीप त्यांनी तीस वर्षं चालवली होती. "चालवणारा कसाबी बसतो," ते म्हणत. "मागचं माणूस बोलत न्हाई, नुसतं सोसतं."

नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत कुणालाही गाडी घ्यायची असली, की मामांना सोबत नेल्याशिवाय चालत नसे. त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालत. जीप सुटून किती वर्षं झाली, तरी त्यांना मानाचं काम एवढंच उरलं होतं.

मी बँकेत नोकरीला, एकटीच राहणारी. आई धावड्याला. वडील गेल्यावरही ती शेत सोडून यायला तयार नव्हती. गुडघे धरलेले, त्यात दमा. बसनं जाण्यायेण्यात माझा रविवार संपायचा. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी गाडी घ्यायचं ठरवलं. बहिणीचे यजमान म्हणाले, "मोठी, उंच घ्या. रस्त्यावर वट राहते." मामांनी एवढंच विचारलं, "तिच्यात आक्का चढतील का?"

हे मला सुचलंच नव्हतं. आम्ही आईलाच शोरूमला घेऊन गेलो. उंच गाडीत तिला दोघांनी धरून चढवावं लागलं. दुसरी इतकी बुटकी, की आईला तिच्यातून उठताच येईना आणि तिचं हसूही थांबेना. तिसऱ्या छोट्या पांढऱ्या हॅचबॅकमध्ये मात्र ती दाराला धरून आपली आपण बसली आणि आपली आपण उतरली. विक्रेता महागड्या मॉडेलमधला मोठा स्क्रीन दाखवायला लागला, तसे मामा म्हणाले, "साहेब, ताई गाडी घ्यायला आल्यात, टीव्ही न्हाई." मग त्यांनी मायलेज विचारलं, स्टेपनी हातानं चाचपून पाहिली, धावड्याच्या वाटेवरच्या भोकरदनच्या मेस्त्रीकडे हिचे पार्ट मिळतात का याची खात्री केली. "साधं मॉडेल घ्या. वरचा खर्चा बिलकुल नको."

चालवायलाही त्यांनीच शिकवलं. सकाळी राजूर रस्त्याला ते शेजारी बसत आणि म्हणत, "समोर काय दिसून राह्यलं, ते मोठ्यानं बोलत चला." मग मी ओरडत गाडी चालवी: म्हैस, ट्रॅक्टर, डावीकडून मोटारसायकल, पुढं खड्डा. "बराबर," मामा म्हणत. "जल्दी करू नका."

दोन-तीन महिने गेले असतील. एका दुपारी धावड्याहून शेजारणीचा फोन आला, आईला श्वास पुरत नाही. एकटीनं मी तेवढ्या लांब कधीच गेले नव्हते. धावत मामांकडे गेले. ते चपला घालून फाटकापर्यंत आले आणि थांबले.

"ताई, मी येऊन उपयोग न्हाई. मला समोरचं दिसत न्हाई."

"म्हणजे?"

"वर्ष झालं. डोळ्याची नस वाळून राह्यली. ऑपरेशनचाबी फायदा न्हाई म्हणले डॉक्टर."

"मग मला शिकवलं कसं?"

"तुम्ही सांगत व्हत्या ना सगळं. गिअर मला आवाजावरून कळतो." त्यांनी फाटक उघडून धरलं. "तुम्हाला येते गाडी. आक्का वाट बघत असतील. जा आता."

रागवायलाही वेळ नव्हता. धावड्यापर्यंत मी एकटीच मोठ्यानं बोलत गेले. आईला मागं उशीला टेकवून बसवलं, शेजारीण तिच्याजवळ बसली, आणि आम्ही जालन्याच्या दवाखान्यात पोहोचलो. चार दिवसांनी आई बरी होऊन, माझं न ऐकता, परत धावड्याला गेली.

मामांशी मात्र मी बरेच दिवस बोलले नाही. रस्त्यावर आमच्या हातून काही झालं असतं तर, हा विचार सुटत नव्हता. शेवटी जाऊन तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "चुकलं माझं," ते म्हणाले. "पण दिसत न्हाई म्हणलं असतं, तर गल्लीनं विचारणं सोडलं असतं. मंग मी दिवसभर काय करू, ताई?" त्यानंतर मला राग धरून ठेवता आला नाही.

पुढे त्यांच्या लेकीनं त्यांना घनसावंगीला बोलावून घेतलं. मी म्हटलं, मी सोडते. अंबड मागे पडायच्या आतच त्यांची मान कलली. उसाच्या ट्रॉल्यांमागून मी हळूहळू गाडी नेत राहिले. लेकीच्या दारात उतरलो तेव्हा शेजारपाजारचे जमले होते. ह्या कोण, असं कुणीतरी विचारलं. ती आमची शेवटची भेट ठरणार होती, हे तेव्हा माहीत नव्हतं. मी शेजारी राहते, असं सांगणार, एवढ्यात मामांनी चाचपडत माझा हात धरला.

"ह्या ताई. माझ्या शागीर्द," ते म्हणाले. "जालन्याहून आणलं मला. जन्मात पहिल्यांदा गाडीत झोपलो."