लिंबाचा पाला आणि बाळाची दुपटी

हिंगोलीत आमच्या अंगणात लिंबाचं, म्हणजे कडुलिंबाचं, मोठं झाड आहे. थंडी सरली की ते असं गळतं, की सकाळी झाडलेलं अंगण दुपारी ओळखू येत नाही. बागेतला सगळा कचरा मी भिंतीलगत पेटवायचो. लिंबाच्या धुरानं डास पळतात, ही माझी ठरलेली सबब.

दिवाळीनंतर शेजारच्या काकूंच्या घरी नातू आला. एका संध्याकाळी काकू भिंतीवरून एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमचा धूर आमच्या पाळण्यात येऊन राहिला." मग बाळाची धुतलेली दुपटी त्यांनी दोरीवरून काढून घरात नेली. मला मान वर करवेना. आता काडी लावणार नाही, असा शब्द दिला.

कोपऱ्यात विटांचा हौद रचला. पाला, गवत, जास्वंदीची छाटणी, सगळं त्यात टाकून पाणी मारलं. हौद भरला आणि तसाच राहिला. पान न् पान शाबूत! पानझड तोंडावर आलेली. ढीग खाली बसला नाही तर नव्या पाल्याला जागा नव्हती. म्हणजे पुन्हा काडीपेटी. मी रोज सकाळी ढिगात हात घालून बघायचो.

"काहून त्याची नाडी पाहून राहिलात?" बायको म्हणायची. "गेला तो."

नुसता कोरडा पाला कुजत नाही, शेण हवं, हे वाचलं. सेनगावला मेहुण्याकडं जाऊन शेण आणलं, शिवाय सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा.

"दाजी, बैल कुठं बांधलेत?" मेहुणा हसला.

ढीग उपसून शेणकाला आणि कुटाराचे थर देत पुन्हा रचला. थोड्याच दिवसांत त्यावर हिरवीगार सोयाबीन उगवली! कुटारात दाणे राहिले होते, ते मी पाहिलेच नव्हते.

"आता मोंढ्यात विकायला नेता का माल?" बायको.

खजील होऊन मी रोपं उपटायला हात आत घातला आणि झटकन मागं घेतला. गरम! पुन्हा घातला. चांगलंच गरम! खुरप्यानं उकरलं तर वाफ निघाली. ढीग कुजायला लागला होता! मी अंगणातूनच ओरडलो, "अगं, ये! काकू, तुमीबी या!"

काकू नातवाला कडेवर घेऊन आल्या. भीतभीत तळवा ठेवला. "आगं माय! चुलीवानी तापलं की हे!"

"व्हय, पण धूर न्हाई," मी म्हणालो.

लिंब गळायला लागला तोवर ढीग निम्म्यावर आला होता. पिवळ्या पाल्याचं पहिलं टोपलं मी त्यात ओतलं, आणि जागा उरली. त्या आनंदात मी अंगण दुसऱ्यांदा झाडत होतो, तेवढ्यात भिंतीवरून हाक आली.

"भाऊ, तुमच्याकडं ऊन चांगलं हाय. दोरी लिंबाला बांधू का?"

मी झाडू टाकला आणि स्टूल आणायला धावलो. गाठ मीच मारली, चांगली दोनदा ओढून पाहिली. मग काकूंनी एकेक दुपटं झटकून वाळत घातलं.